वृद्धाश्रमातल्या आईची शुगर पहाटेच का उतरते?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आई ७९ वर्षांच्या आहेत, दीड वर्षापासून दहिसरच्या एका वृद्धाश्रमात. महिन्याभरात दोनदा पहाटे घामाने भिजलेल्या आणि काहीतरी असंबद्ध बोलताना सापडल्या. एकदा शुगर ४८ निघाली, एकदा ५२. दोन्ही वेळा तिथल्या मावशींनी पेढा आणि साखरेचा चहा दिला, तासाभराने त्या ताळ्यावर आल्या. आता संस्था म्हणते, रात्रीसाठी ब्युरोची बाई (नर्सिंग ब्युरोतून पगारावर मिळणारी) लावा, नाहीतर दुसरीकडे सोय बघा. आणि तुम्ही विचारता आहात की अशा वेळी नेमकं काय द्यायचं ते लिहून द्या, म्हणजे संस्थेत भिंतीवर लावून घेते.

लिहून देते, पण तेवढ्यावर हे थांबणार नाही. एकाच माणसाची शुगर महिन्यात दोनदा, त्याच वेळेला उतरते तेव्हा तो योगायोग नसतो. औषध जास्त होतंय, किंवा जेवण कमी पडतंय, किंवा दोघांच्या वेळा जुळत नाहीत. घरी असताना हे सगळं बहुधा एकाच बाईच्या डोक्यात असतं. इंजेक्शन तीच देते, ताट तीच वाढते आणि अर्धी पोळी उरली की तिलाच दिसते. संस्थेत इंजेक्शन एकजण देतो, ताट दुसरी वाढते, उष्टं तिसरी उचलते आणि पहाटे हाक चौथीला जाते. मी महापालिकेच्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते, निवृत्तीनंतर पश्चिम उपनगरांतल्या काही वृद्धाश्रमांचं नर्सिंग बघते. तिथे शुगर लो होण्याची जितकी प्रकरणं माझ्यासमोर येतात, त्यातली बरीचशी या चौघांनी एकमेकांना काही न सांगितल्यामुळे झालेली असतात.

एक आधीच सांगते. डोस किती करायचा हे मी सांगणार नाही, ते आईंच्या डॉक्टरांचं काम. शिवाय खाली लिहिलेलं सगळं टाइप २ मधुमेहाच्या वयस्कर माणसाला धरून आहे. टाइप १ असेल, डायलिसिस चालू असेल किंवा नळीवाटे फीड असेल तर गणित बदलतं.

आधी भिंतीवरचा कागद.

शुगर ७० च्या खाली म्हणजे लो. ५४ च्या खाली म्हणजे मेंदूला पुरेसं ग्लुकोज मिळत नाही, तिथे वाट बघायची नाही. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज. औषधाच्या दुकानात मिळणारी साधी ग्लुकोज पावडर, चहाच्या चमच्याने तीन सपाट चमचे, अर्ध्या कप पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर तपासायची. ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. वर आली की लगेच काहीतरी टिकणारं खायला द्यायचं: अर्धी पोळी आणि दूध, किंवा दुधात बुडवून तीन-चार मारी बिस्किटं. नुसत्या ग्लुकोजवर माणसाला परत झोपवलं तर तासा-दोन तासांत शुगर पुन्हा खाली येऊ शकते.

पेढा का नाही, हे मावशींना समजावून सांगा, नुसतं 'देऊ नका' म्हणू नका. त्या माउलींनी मायेनेच दिला असणार. पेढ्यात खवा आहे, खव्यात स्निग्धांश आहे, आणि स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. चॉकलेट, लाडू, बर्फी यांचंही तेच. तुमच्या आईंच्या बाबतीत तर आणखी एक कारण आहे, आणि तुम्ही औषधांची यादी पाठवली म्हणूनच ते माझ्या लक्षात आलं. त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज अशी तीन औषधं एकत्र आहेत. आपली घरातली साखर थेट रक्तात जात नाही. आतड्यात तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे व्हावे लागतात. वोग्लिबोजचं काम नेमकं हे तुकडे होणं लांबवण्याचं. म्हणजे ही गोळी घेणाऱ्या माणसाला शुगर उतरल्यावर साखरेचा चहा पाजला, तर जी साखर तातडीने हवी तिलाच गोळीने अडवून ठेवलेलं असतं. ग्लुकोज मात्र आधीच सुटं असतं, ते अडत नाही. आई ताळ्यावर यायला तासभर लागला त्यात याचा वाटा असावा असं मला वाटतं. अशा तीन-तीन औषधांच्या एकत्रित गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. वृद्धाश्रमाच्या कपाटात ग्लुकोजचा डबा हवाच असा माझा आग्रह असतो तो यासाठी. ग्लुकोज नसेलच हाताशी तर साखर द्या, काहीच न देण्यापेक्षा बरी. वोग्लिबोज नसलेल्या माणसाला साधं कोल्ड्रिंक अर्धा पेला चालतं, डाएट किंवा झिरो लिहिलेलं मुळीच नाही. किडनीच्या रुग्णाला शहाळ्याचं पाणी किंवा संत्र्याचा रस देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं.

माणूस बेशुद्ध असेल, फिट येत असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखर नाही, मध नाही, पाणी नाही. हे सांगायला सगळ्यात अवघड जातं, कारण आजूबाजूचे चारजण 'साखर घाला, साखर घाला' म्हणत असतात. गालात चोळलेल्या साखरेतून रक्तात फारसं काही पोचत नाही, पण तीच श्वासनलिकेत गेली तर दुसरं संकट उभं राहतं. कुशीवर वळवा, तोंडातली कवळी काढा, १०८ ला फोन करा. संस्थेत प्रशिक्षित नर्स असेल आणि डॉक्टरांनी आधी लिहून ठेवलं असेल तर शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) किंवा ग्लुकागॉन या शुगर वाढवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देता येतं. पण बहुतेक वृद्धाश्रमांत रात्री नर्स नसते, मावशीच असतात. म्हणून कागद मावशींना समजेल असाच लिहायचा.

आणि एक ओळ कागदावर ठळक असू द्या. गोळी ग्लिमेपिराइडच्या जातीची असेल, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लायबेनक्लामाइड, तर शुगर वर आली म्हणून विषय संपत नाही. ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि किडनी मंद असेल तर शरीरात जास्त काळ राहतात. सकाळी ११० आलेली शुगर दुपारी पुन्हा ५० होऊ शकते. अशा माणसाला किमान चोवीस तास लक्षाखाली ठेवावं लागतं, दर दोन-तीन तासांनी तपासावं लागतं. ते संस्थेत जमत नसेल तर रुग्णालयात न्यावं. दोन्ही पहाटे आई 'बऱ्या झाल्या' म्हणून पुढे काही केलं गेलं नाही असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते यात जास्त धोक्याचं हेच होतं.

कागद झाला. आता पहाटेच का, ते बघू.

आईंना सकाळ-संध्याकाळ ३०/७० इन्सुलिन आहे. या कुपीत दोन इन्सुलिन मिसळलेली असतात. ३० टक्के लवकर काम करणारं, ७० टक्के संथ. लवकरचं अर्ध्या तासात सुरू होतं आणि दोन-चार तासांत जोरात असतं, म्हणजे जेवणासाठी. संथ भागाचा जोर इंजेक्शननंतर साधारण चौथ्या तासापासून दहाव्या तासापर्यंत राहतो. तुमच्या पत्रात इंजेक्शनची वेळ साडेसहा आहे. साडेसहापासून मोजा: रात्री साडेदहा ते पहाटे साडेचार. त्या सहा तासांत माणूस झोपलेला असतो, पोटात काही जात नाही. संस्थेत जेवण सातला आणि सकाळचा नाश्ता साडेआठला असेल, तर मधे साडेतेरा तासांची पोकळी आहे. मुंबईतल्या बहुतेक वृद्धाश्रमांत जेवण लवकर असतं, कारण स्वयंपाकाच्या बायकांना लोकल पकडून घरी जायचं असतं. यात कोणाचा दोष काढू नका, पण इन्सुलिनची वेळ या वेळापत्रकाकडे बघून ठरवायला हवी.

त्यात आईंचं रात्रीचं जेवण. तुम्हीच लिहिलंय की हल्ली त्या अर्धी पोळी आणि थोडा भात खातात, कधी कधी नुसतं ताक पितात. डॉक्टरांनी संध्याकाळचं इन्सुलिन १२ युनिट लिहिलं तेव्हा त्या दोन पोळ्या, भाजी, वरण-भात खात असणार. इंजेक्शन देणाऱ्या मुलाला हे माहीत नाही, कारण तो साडेसहाला सगळ्यांना टोचून ड्यूटी संपवतो. सातला ताट येतं. साडेसातला मावशी उष्टं उचलते, तिला अर्धं ताट परत गेलेलं दिसतं, पण त्याचा इन्सुलिनशी काही संबंध आहे हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

माझ्याकडे नियम एकच: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. ३०/७० च्या जुन्या प्रकाराला जेवणाआधी अर्धा तास द्या असं पुस्तकात आहे, आणि घरी ते बरोबरच आहे. पण जिथे ताट कधी येईल याचा भरवसा नाही, तिथे डॉक्टरांना विचारून मी ते अंतर कमी करून घेते. शुगर थोडी वर राहिली तरी चालते. ज्या आजीआजोबांचं जेवण अगदीच बेभरवशाचं आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर कधी कधी जेवण झाल्यावर लगेच द्यायचं अतिजलद इन्सुलिन लिहून देतात, खाल्लं तेवढ्याच हिशोबाने. तुमच्या डॉक्टरांना हे विचारून बघा. त्यांनी नाही म्हटलं तर त्यालाही कारण असू शकतं.

दुसरी गोष्ट, ताट उचलणाऱ्या मावशीला अधिकार द्या. आमच्या इथे मधुमेहाच्या माणसांच्या ताटांना लाल टिकली असते. लाल टिकलीचं ताट अर्ध्याहून जास्त परत आलं की मावशीने लगेच सांगायचं. वहीत लिहायचं नंतर, आधी तोंडी सांगायचं. मग रात्री दहाला शुगर बघायची. १०० च्या खाली असेल तर दूध-बिस्किट किंवा दूध-पोहे देऊन रात्री दोन-अडीचला पुन्हा बघायची. मावशींना शिक्षण कमी असतं म्हणून त्यांना यातून वगळणारे बरेच भेटतात. मला तसं कधीच वाटलं नाही. कोण किती जेवलं हे संस्थेत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

उपासाचं वेगळं सांगते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि मला शंका आहे. शुगर उतरली त्या दोन तारखा आणि कॅलेंडर शेजारी ठेवून बघा. आईंच्या वयाच्या बायका संकष्टी सहसा सोडत नाहीत. संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवायचं, म्हणजे कधी नऊ तर कधी साडेनऊ वाजतात. संस्थेत जेवण सातला, म्हणजे त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असतं आणि इंजेक्शन मात्र साडेसहालाच झालेलं असतं. एकादशीला दिवसभर शेंगदाणे आणि चहा. श्रावणात तर एका मजल्यावर निम्म्या आज्या सोमवार धरतात. उपास करू नका असं सांगून काही होत नाही, त्या लपून करतात आणि ते जास्त वाईट. मी महिन्याच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन बसते आणि कोण कोणते उपास करणार ते विचारून इंजेक्शनच्या चार्टवर आधीच लिहून ठेवते. त्या दिवसांचा डोस आणि वेळ डॉक्टरांकडून वेगळी लिहून घेते. रोजे ठेवणाऱ्या आजोबांसाठीही हेच.

पावसाळा आला की हाच गोंधळ दुसऱ्या वाटेने होतो. गाड्या बंद पडल्या की सकाळची नर्स येत नाही, रात्रीचाच मुलगा पुढे ड्यूटी ओढतो. आठची इंजेक्शनं आपण दिली की द्यायची राहिली हे त्याला आठवत नाही, आणि तो पुन्हा देतो. दुहेरी डोस असा होतो. म्हणून दिलेल्या इंजेक्शनची सही त्याच क्षणी, शेवटी एकदम नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हापासून जून लागला की चार दिवस पुरतील इतकं ग्लुकोज, स्ट्रिपा आणि दुधाची पावडर मी कपाटात ठेवतेच.

आता औषध. इथे तुमच्या मनाला न पटणारं लिहिते आहे.

आईंचं एचबीए१सी ६.४ आहे आणि डॉक्टरांनी 'फार छान' म्हटलं, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. पन्नाशीच्या माणसाचा ६.४ असेल तर मीही छान म्हणेन. ७९ वर्षांच्या, इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही घेणाऱ्या, क्रिएटिनिन १.६ असलेल्या (म्हणजे किडनी मंदावलेल्या), वजन ५४ वरून ४६ वर आलेल्या आणि विसरायला लागलेल्या बाईचा ६.४ बघून मला काळजी वाटते. तो तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज असतो. सरासरी इतकी खाली आहे तर मधे मधे शुगर ५० ला जाऊन येत असणार, आणि त्यातल्या दोनच वेळा तुम्हाला कळल्या. शिवाय रक्त कमी असेल किंवा किडनी बिघडलेली असेल तर एचबीए१सी फसवा येऊ शकतो. त्याच्या जोडीला रोजचे आकडे बघावेच लागतात.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बरेच आजार किंवा थोडा विसरभोळेपणा असलेल्या ज्येष्ठांसाठी एचबीए१सी ८ च्या खाली असला तरी पुरे मानलंय. उपाशीपोटी ९० ते १५०, झोपताना १०० ते १८०. त्याहून अशक्त माणसांसाठी तर आकड्याच्या मागे न लागता शुगर लो होऊ न देणं आणि अति वर जाऊन त्रास होऊ न देणं, एवढंच धरायला सांगितलंय. कडक नियंत्रणाचा फायदा मिळायला वर्षं जावी लागतात. शुगर उतरल्याचा तोटा त्याच रात्री होतो: पडणं, खुब्याचं हाड मोडणं, हृदयाचे ठोके बिघडणं.

किडनीचं कारण साधं आहे. इन्सुलिन आणि या गोळ्या शरीरातून बाहेर पडायला किडनी लागते. ती मंदावली की तोच डोस जास्त वेळ काम करत राहतो. तीन वर्षांपूर्वी बरोबर असलेले १२ युनिट आज जास्त होऊ शकतात, कोणी काही बदललं नसताना. वजन उतरलं की इन्सुलिनची गरजही उतरते. वृद्धाश्रमात मी बघते ती अडचण अशी की फाइलवर 'चालू ठेवा' लिहिलेलं असतं आणि वर्षानुवर्षं चालूच राहतं.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी विचारा, आणि अजिजीने नाही, सरळ विचारा. इन्सुलिन चालू असताना ग्लिमेपिराइड हवीच का? अमेरिकेतल्या जेरियाट्रिक्स (वृद्धांच्या आजारांच्या) सोसायटीची बिअर्स यादी म्हणजे ज्येष्ठांना जपून द्यायच्या औषधांची यादी. तिच्यात २०२३ पासून या जातीच्या गोळ्या ज्येष्ठांना पहिली किंवा दुसरी निवड म्हणून टाळायला सांगितल्या आहेत, त्यातही लांब पल्ल्याच्या जास्तच. डॉक्टरांना हे माहीत असतं, पण भरल्या ओपीडीत आठवण करून द्यावी लागते. दुसरं, रात्रीचं ३०/७० कमी करता येईल का किंवा बदलता येईल का? तिसरं, या किडनीला मेटफॉर्मिनचा हा डोस चालेल का? चौथं, इंजेक्शनआधी शुगर किती असेल तर द्यायचं नाही आणि फोन करायचा, हे लिहून द्याल का? हा चौथा आकडा लेखी मिळाला नाही तर संस्थेतला मुलगा ७४ शुगरलाही पूर्ण डोस देणार, कारण न दिल्याचा जाब त्याला द्यावा लागतो, दिल्याचा नाही. आमच्याकडे ७० च्या खाली आधी ग्लुकोज आणि मग डॉक्टरांना फोन, ७० ते १०० मध्ये फोन करूनच पुढचं पाऊल. स्वतःच्या मनाने इन्सुलिन पूर्ण बंद मात्र कोणीही करायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही.

लो झाल्यानंतर पुढचा दिवसभर शुगर २५०-२८० दाखवू शकते. शरीर स्वतः साखर सोडतं, वर आपणही पाजलेली असते. ते बघून घाबरून जादा इन्सुलिन टोचू नका. लगेच दुसऱ्यांदा लो झालेली जी माणसं मी पाहिली, त्यातली काही याच घाईने झालेली आहेत.

ओळखायचं कसं, हेही मावशींना शिकवावं लागतं, कारण वयस्कर माणसात हात थरथरणं, धडधडणं, भूक लागणं ही नेहमीची लक्षणं असतीलच असं नाही. बीपीच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा राहतो. वारंवार लो होणाऱ्याला तर शरीर इशारा द्यायचंच सोडून देतं. मग उरतं काय? नेहमी शांत असणारी आजी शिव्या द्यायला लागते. जेवायला नको म्हणते, तोंड मिटून घेते. कपडे काढते. एका बाजूचा हात उचलत नाही, आणि सगळे म्हणतात पॅरालिसिस झाला. 'म्हातारपणाचं चाललंय' किंवा 'नाटक करते' हे शब्द ऐकले की मी आधी ग्लुकोमीटर मागते. वागणं अचानक बदललं की बोटाला सुई, मग बाकीचा विचार. मशीन सापडत नसेल तर शोधत बसू नका, लो समजून ग्लुकोज द्या. एकदा तीन चमचे ग्लुकोज जादा गेल्याने कोणाचं फार बिघडत नाही.

उपकरणांबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही स्वतः जाऊन तपासा. पहिली सिरिंज. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलीचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिट प्रति मिलीचं असतं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १२ च्या खुणेपर्यंत ओढलं, तर प्रत्यक्षात ३० युनिट जातात, अडीच पट. कुपी वाचा, टोपण बघा, दोन्ही जुळतात का पाहा. ३०/७० ची कुपी तळहातांत हलकेच फिरवून दुधाळ झाल्यावरच भरायची, नाहीतर एक दिवस पाणचट डोस जातो आणि एक दिवस घट्ट. रोज एकाच जागी टोचून पोटावर गाठ आली असेल तर तिथे इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही.

दुसरी गोष्ट ग्लुकोमीटर. मुंबईच्या दमट हवेत स्ट्रिपांची डबी उघडी राहिली की स्ट्रिपा खराब होतात. आंबा किंवा शिरा खाल्लेल्या बोटाने तपासलं तर शुगर खोटी वर दिसते, आणि खरी लो झाकली जाते. बोट साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. स्पिरिट लावलं तर ते पूर्ण वाळू द्या. हाताला लावायचा सेन्सर परवडत असेल तर दोन आठवडे लावून बघण्यासारखा आहे, रात्री काय घडतं ते पूर्ण दिसतं. मात्र त्याचा आलार्म ऐकून उठणारं कोणी हवं.

युरिनच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक सुरू झालं की मला सांगायचं, असा माझा दंडक आहे. को-ट्रायमोक्सॅझोल किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं ग्लिमेपिराइडच्या जोडीला आली की शुगर खाली खेचू शकतात. शिवाय आजारी माणूस जेवत नाही, जुलाब झाले तर किडनीवर ताण येतो. अशा आठवड्यात दिवसातून चार वेळा तपासणं आणि डॉक्टरांना रोज आकडे कळवणं, यात टाळाटाळ नको.

ब्युरोच्या बाईबद्दल. रात्री उशाशी माणूस असलं तर घाम आलेला लवकर कळेल, हे खरं. पण साडेसहाचं इंजेक्शन आणि सातचं अर्धं ताट तसंच राहिलं तर ती बाई रोज रात्री लो होण्याची राखण करत बसेल, आणि त्याचे पैसे तुम्ही भराल. आधी डॉक्टर, मग संस्थेबरोबर बसून तीन गोष्टी लेखी: ताट समोर असतानाच इंजेक्शन, अर्धं ताट परत आलं की कळवायचं, झोपताना शुगर आणि दूध. डोस बदलल्यावर पहिले दोन आठवडे रात्री दहा आणि अडीचची शुगर रोज घ्यायला सांगा. तेवढ्याच दिवसांसाठी बाई लावायची तर लावा, त्याला अर्थ आहे.

संस्था बदलायची का, हे मी इथून सांगू शकत नाही. ज्या व्यवस्थापकांनी तुम्हाला दोन्ही वेळचे आकडे प्रामाणिकपणे सांगितले, तिथे काम करून घेता येतं असा माझा अनुभव. पण डॉक्टरांचा लेखी कागद हातात देऊनही ते म्हणाले की इंजेक्शनची वेळ बदलता येणार नाही, आमची शिफ्ट साडेसहाला संपते, तर मग दुसरी जागा बघा. आणि नवीन जागी गेल्यावर खोली बघायच्या आधी रात्रीची ड्यूटी कोणाची असते आणि ग्लुकोजचा डबा कुठे ठेवलेला आहे, हे तिथल्या मावशीला विचारा.